चलान मालकिणीच्या नावावर

माकणी ते लोहारा या रस्त्यावर ज्या काळ्यापिवळ्या जीपा धावतात, त्यातल्या एकीच्या मागच्या दाराशी पन्नाशी ओलांडलेली एक बाई बसलेली असते. अंगावर नऊवारी, कमरेला खोचलेली कापडी पिशवी, पायात पुरुषांसारख्या जाड वहाणा. गाडी भरली की ती दार आतून ओढून घेते आणि पत्र्यावर हाताची थाप मारते. मग गाडी हलते. नव्या माणसाला ती बाजाराला निघालेली कुणी प्रवासी वाटते. ती गाडीची मालकीण आहे. तिचं नाव धुरपताबाई.

धुरपताबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सासरही मेंढपाळाचं आणि माहेरही. नवरा हरिबा पुढं आणि त्या मागं, मधी कळप, असा त्यांचा संसार पार तेरणेच्या काठापासून सोलापूरच्या शिवेपर्यंत चालत फिरला. पुढं पुढं चरायला रानच राहिलं नाही. धरणाच्या पाण्याला लागून ऊस झाला, माळावर सोयाबीन आलं, आणि जो तो बांधावरून काठी उगारायला लागला. हरिबानं एका वर्षी कळप विकून टाकला आणि जुनी जीप घेतली. धुरपताबाई तेव्हा आठवडाभर नीट जेवल्या नव्हत्या. पण हरिबाचा हात गाडीवर बसला, आणि घर चाललं.

हरिबा वारल्यावर गाडी बाईंच्या नावावर झाली. कागदावर नाव त्यांचं आणि नंबर हरिबाच्या मोबाइलचा, जो आता त्यांच्याकडेच असायचा. गाडी चालवायला थोरल्या दिराचा मुलगा धनाजी आला. धनाजी तिशीतला, हुशार, बोलका. स्टँडवर त्याची सगळ्यांशी ओळख. संध्याकाळी येऊन तो काकीच्या हातावर पैसे ठेवायचा, चहा प्यायचा, निघून जायचा. गाडी कशी चालते, कुठं थांबते, हे बाईंनी कधी विचारलं नाही. त्यांचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं, रांगेतलं. दारात चार-पाच शेळ्या होत्या. तेवढ्यात त्यांचा दिवस जात असे.

पंचमीला लेक दीपाली लातूरहून माहेरी आली. मेहंदीनं रंगलेल्या हातात तिनं सहज आईचा मोबाइल घेतला आणि बघतच राहिली.

"माय, हे मेसेज तू कधी कुणाला दाखवलेच न्हाईस का?"

"कंपनीचे असत्यात ते. दिसभर टुंग टुंग करत्यात."

"कंपनीचे न्हाईत. पोलिसाचे हायत. गाडीवर चलान फाडलेत."

धुरपताबाईंना चलान हा शब्द माहीत होता. पाणीपट्टीचं चलान असतं, बँकेत भरायचं असतं. "आपुन कुठं भरलंय चलान?" त्या म्हणाल्या.

"दंड गं, दंड! पोलीस आता पावती हातात देत न्हाईत. मशीनवर फोटो काढत्यात आणि गाडी ज्याच्या नावावर हाय त्याच्या मोबाइलवर धाडत्यात."

दीपालीनं एकेक मेसेज उघडून फोटो दाखवले. पहिल्यात गाडी मागून दिसत होती. पायरीवर माणसं लोंबकळत होती आणि टपावर पोती आणि पोत्यांवर आणखी दोघं बसलेले होते. टोपीवरून बाईंनी एकाला ओळखलं. तो त्यांच्याच गल्लीतला होता. दुसरा फोटो समोरून काढलेला. धनाजीच्या डाव्या हाताला माणसं होतीच, पण उजव्या हाताला, दार आणि चालक यांच्या मधल्या बोटभर जागेतही एक जण अंग चोरून बसला होता. धनाजी स्टेअरिंगवर अर्धा आडवा झालेला. गाडी नेमकं कोण चालवतंय हे फोटोवरून सांगता आलं नसतं.

"असले किती हायत?"

"मोकार हायत, मोजता यायचे न्हाईत," दीपाली म्हणाली.

संध्याकाळी धनाजी आला तेव्हा बाईंनी मोबाइल त्याच्यापुढं धरला. तो हसला.

"काकी, ही ऑनलाइन चलानं कुणीबी भरत न्हाय. साऱ्या गाड्यांवर हायत. वर्ष-दोन वर्षांनी सरकारच माफ करतंय."

"मग फाडत्यात कशापाय?"

"त्यांना वरनं आकडा दिलेला असतोय. तुमी फिकीर करू नका."

बाईंनी फिकीर केली नाही. दीपाली सासरी गेली. मोबाइल पुन्हा टुंग करत राहिला. फरक एवढाच झाला, की आता आवाज आला की बाई हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायच्या.

दिवाळीच्या आधी गाडीचं पासिंग आलं. धनाजी गाडी घेऊन धाराशिवला आरटीओत गेला आणि तशीच परत घेऊन आला. थकलेला दंड भरल्याशिवाय पासिंग होणार नाही असं तिथं सांगितलं होतं. पाठोपाठ घरी एक हवालदार नोटीस घेऊन आला. लोहाऱ्याच्या कोर्टात लोकअदालत भरणार होती. तिथं हजर राहून चलान तडजोडीत मिटवावं, नाहीतर खटला चालेल, असं त्यानं वाचून दाखवलं. नोटिशीवर नाव होतं धुरपताबाई हरिबा. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर त्यांचं नाव कशाच्या तरी आरोपाखाली आलं होतं. त्यांनी हवालदाराला पाणी दिलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दोन शेळ्या विकल्या.

"तूबी चल कोर्टात," त्यांनी धनाजीला सांगितलं.

"म्या आत बसलो तर गाडी कोण चालवंल? बाजाराचा दिवस हाय. तुमी नुसतं व्हय म्हणा, पैसे भरा, पावती घ्या."

त्यानं त्यांना कोर्टाच्या फाटकाशी उतरवलं आणि गाडी स्टँडकडं वळवली.

कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता. बँकेची प्रकरणं एका टेबलावर, वीजबिलाची एका, आणि गाड्यांच्या चलानाची कोपऱ्यातल्या. तिथं सगळी पुरुषांची रांग. बाई त्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढचा एक पांढऱ्या शर्टातला माणूस बराच वेळ वाद घालत होता, की गाडी त्याची आहे पण त्या दिवशी मेव्हणा घेऊन गेला होता. शेवटी त्यानं तणतणत पैसे भरले. बाईंची पाळी आली. टेबलामागं न्यायाधीशबाई होत्या, वयानं दीपालीहून थोड्या मोठ्या. शेजारी एक वकील, आणि बाजूला लॅपटॉप घेतलेला हवालदार.

"मावशी, गाडी तुम्ही चालवता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"न्हाय. पुतण्या चालवतो."

"तो कुठं आहे?"

"स्टँडवर. शिटं भरायलाय."

रांगेत हशा पिकला. वकीलही हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "चलान मालकाच्या नावावर निघतं, मावशी. चालवणारा कुणी का असेना. तुम्हाला हे मान्य आहे का? मान्य असेल तर तडजोडीनं रक्कम कमी करता येते."

धुरपताबाईंनी लॅपटॉपकडं बघितलं. म्हणाल्या, "फोटो बघाय मिळत्याल का? समदे?"

हवालदारानं न्यायाधीशबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यानं लॅपटॉप वळवला. बाईंनी एकेक फोटो नीट बघितला, मागची रांग कुरकुरत असताना. घरी दीपालीनं दाखवलेल्यानंतरचे आणखी कितीतरी होते. एकात शाळेच्या कपड्यातल्या मुली पायरीवर होत्या, पाठीवर दप्तरं. त्या फोटोपाशी बाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "गाडी माजीच हाय. माणसंबी तेवढीच हायत. खोटं काय न्हाय यात."

त्यांनी सही केली, पैसे भरले, पावती घेतली. निघताना न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही दंड भरून सुटलात. ही गाडी एखाद्या दिवशी उलटली तर या टेबलावर मिटणार नाही."

स्टँडवर गाडी उभीच होती, भरलेली. पुढं चार जण, मधे पाच, मागं गुडघ्याला गुडघे लावून, आणि पायरीवर तिघं. काकीला बघून धनाजीनं पुढच्या एकाला उठवलं.

"बसा काकी. झालं का काम?"

"झालं. ज्यादाची माणसं उतरव."

"कुणाला?"

"जास्त हायत त्यांना."

धनाजीला वाटलं काकी थट्टा करताहेत. गाडीतली माणसंही हसली. कुणी उतरलं नाही. ती सगळी बाजार करून दमलेली होती, ज्याला त्याला घर गाठायचं होतं. बाई दाराला हात लावून उभ्या राहिल्या, थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतला.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या.

धनाजीनं दोनदा बोलावलं, हॉर्न वाजवला आणि मग गाडी काढली. आपली गाडी आपल्याला सोडून धुरळा उडवत जाताना बाईंनी पाहिली. मग त्या एसटीच्या फलाटावर जाऊन बसल्या. बस यायला वेळ लागला. त्या वेळात त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांनी पुढं कुणाला फारसं सांगितलं नाही. दीपालीला एकदा एवढंच म्हणाल्या, की मेंढरं असती तर अशी नेली नसती.

त्या दिवशी दिवेलागणीला घरात बोलाचाली झाली. धनाजीचं म्हणणं सरळ होतं. कागदावर जेवढी शिटं, तेवढ्यात डिझेल निघत नाही. आपण माणसं सोडली तर मागची गाडी उचलते. सगळा रस्ता असाच चालतो.

"समद्यांच्या गाडीवर माजं नाव न्हाय," बाई म्हणाल्या. "या एका गाडीवर हाय."

"मग तुमीच बसा गाडीवर!" धनाजी चिडून बोलला.

सकाळी गाडी धुऊन, बादली ठेवून तो परत आला तर काकी मागच्या दाराशी पिशवी घेऊन बसलेल्या.

पहिले काही दिवस वाईट गेले. माकणीच्या स्टँडवर लोक मजा बघायला थांबायचे. माणूस चढला की बाई बोट हलवून मोजायच्या. शिटं पुरी झाली की हात आडवा करायच्या. तरुण पोरं हाताखालून घुसायची, पायरीवर लटकायची. बाई थाप मारत नसत आणि गाडी हलत नसे. ऊन वाढायचं, आतली माणसं ओरडायला लागायची, मग पायरीवरचे उतरायचे. "मेंढरं कोंडायलीय म्हातारी," असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. भावकीतल्या बायका घरी येऊन सांगून गेल्या, की बाईमाणसानं गाडीवर बसणं बरं दिसत नाही. बाईंनी त्यांना चहा दिला.

धनाजीला हे सोसवेना. लोक हसतात ते काकीला नाही, आपल्याला, असं त्याला वाटे. आणि हातात येणारी कमाई खरोखरच घटली होती. एका सकाळी त्यानं चावी ओट्यावर ठेवली.

"दुसरा डायव्हर बघा, काकी. मला गुंडाप्पाच्या गाडीवर बोलावलंय."

"जा," बाई म्हणाल्या. "पण जेवून जा."

तो जेवला नाही.

गाडी काही दिवस दारात उभी राहिली. शेळ्या तिच्या सावलीत बसायला लागल्या. मग लोहाऱ्यात एका आडतीवर हिशेब लिहायला रोज जाणारे महालिंगप्पा घरी आले. साठीचे, गुडघ्यांनी अधू. बाईंच्या गाडीत त्यांना पाय लांब करून बसता येत होतं, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"बाई, गाडी बंद ठेवू नका. आमच्यासारख्यांनी काय करायचं? माझ्या वळखीचे एक हिंमतराव हायत. एसटीतून निवृत्त झालेत. बोलावू का?"

हिंमतराव आले. एसटीची सवय अशी, की रस्त्यात कुणी हात केला तरी ठरलेल्या थांब्याशिवाय गाडी थांबवायचे नाहीत, आणि वळणावर असा वेग कमी करायचे की मागून सायकलवाला पुढं जाई. लोहाऱ्याला पोचलं की बरोबर चहाची वेळ व्हायची आणि चहा संपेपर्यंत ते कुणाचं ऐकत नसत. बाईंना त्यांचा मनस्ताप झाला. पण शाळेच्या मुली, बाळंतपणाला निघालेल्या बायका, दवाखान्याचे म्हातारे या गाडीसाठी थांबायला लागले. गाडी तुडुंब कधी भरली नाही. तशी रिकामीही राहिली नाही.

अशात एकदा लोहाऱ्याच्या वेशीजवळ पोलिसानं गाडी थांबवली. बाई निर्धास्त होत्या. शिटं बरोबर, पासिंग झालेलं, हिंमतरावांचा पट्टा लावलेला. पोलिसानं गाडीला एक चक्कर मारली आणि मशीन काढलं.

"काय झालं, सायेब?"

"मावशी, मघाशी वळणावर तुम्ही मागं पायरीवर उभ्या होता. म्या बघितलं."

त्या उभ्या होत्या हे खरं होतं. थांब्यावरच्या माणसांना हाक मारायला त्या गाडी थांबण्याआधीच दार उघडून पायरीवर यायच्या. तशी त्यांना सवयच लागली होती.

"म्या परवासी न्हाय, सायेब. मालक हाय."

"मालक पडल्यावर काय वर उडतो का?"

गाडीत कुणीतरी फिस्सकन हसलं. धुरपताबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग पोलिसाकडं. वाद घालावा असं त्यांच्या मनात आलं होतं, ते तोंडावर दिसलंही. पण त्यांनी विचारलं, "इथंच भरता येतंय का?"

पोलीस जरा गोंधळला. त्याला तिथल्या तिथं भरणारा माणूस विरळाच भेटत असावा. महालिंगप्पांनी आपल्या मोबाइलवरून दंड भरला, बाईंनी पिशवीतून पैसे काढून त्यांच्या हातात ठेवले. मोबाइल टुंग वाजला. भरल्याचा मेसेज होता. महालिंगप्पांनी तो वाचून दाखवला आणि गाडी पुढं निघाली. त्या दिवसापासून बाई गाडी पुरती थांबल्याशिवाय जागेवरून उठत नाहीत.

ही गोष्ट स्टँडवर पसरायला वेळ लागला नाही. काही जण बाईंची टिंगल करत होते, की एवढं करून शेवटी चलान फाटलंच. गुंडाप्पाच्या गाडीजवळ उभा राहून धनाजीही ते ऐकत होता. तो हसला नाही असं बघणारे सांगतात. गुंडाप्पा गाडीवरचं प्रत्येक चलान चालवणाऱ्याच्या पगारातून कापून घ्यायचा, आणि शिटं मात्र कमी भरू द्यायचा नाही. धनाजीला दोन्हीकडून कात्री लागली होती.

माघात एका सकाळी तो काकीच्या दारात आला. उंबऱ्याशीच उभा राहिला.

"काकी, गाडी रिकामी हाय का?"

"रिकामी कशानं? हिंमतराव चालवत्यात."

"व्हय. ते ठावं हाय."

बाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी परातीत थापली. मग म्हणाल्या, "सकाळच्या दोन फेऱ्या त्यांना झेपत न्हाईत. थंडीत कंबर धरती त्यांची. त्या तू कर. बाकीच्या त्यांच्या."

"दोनच?"

"सध्या दोनच."

धनाजीला हे कमी वाटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते लपलं नाही. पण तो आत येऊन बसला आणि या खेपेला जेवला.

आता असं चाललं आहे. धनाजी अजून कुरकुरतो. मागून एखादी गाडी टपावर माणसं घेऊन पुढं गेली की आरशात काकीकडं बघतो. काकी बाहेर बघत बसतात. मागच्या उन्हाळ्यात गावातलं एक वऱ्हाड लोहाऱ्याला न्यायचं होतं. नवरदेवाच्या मामानं एकाच फेरीत सगळ्यांना कोंबायला सुरुवात केली. धनाजी गाडीतून उतरला, त्यानं मामाला बाजूला घेतलं आणि बायका-लेकरं पुढच्या फेरीला ठेवा म्हणून सांगितलं. मामा चढ्या आवाजात बोलायला लागला, मुहूर्त टळला तर कोण जबाबदार म्हणाला. धनाजीनं आवाज चढवला नाही.

"जबाबदार आमीच," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतोय."

पहिली फेरी गेली. धुरपताबाई राहिलेल्या बायकांबरोबर लिंबाखाली थांबल्या. नटलेली लेकरं धुळीत खेळायला लागली, त्यांच्या आया ओरडत होत्या. करवली रुसून बसली होती. एका म्हातारीनं पानाची पिशवी सोडून बाईंपुढं धरली आणि विचारलं, गाडी परत येईल का नक्की. बाईंनी पान घेतलं, त्याला चुना लावला.

"ईल की," त्या म्हणाल्या.

गाडी आली तेव्हा पुष्कळ ऊन झालं होतं. बाईंनी आधी म्हातारीला चढवलं.